पहिल्या तारेखालचा दोरा

नझीर शिकलगारांना पहिला संशय आला तो स्वतःच्या कानांचा.

वय एकसष्ट. जन्मभर कानांवर पोट भरलेल्या माणसाला या वयात दुसरा कुठला संशय आधी येणार? त्यांचे आजोबा मिरजेत सतारी आणि तंबोरे करायचे, वडीलही तेच करायचे. नझीरभाई तेवढे पॉलिटेक्निकला गेले आणि गिटारीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या नादाला लागले. दुकान मात्र तेच राहिलं. पुढच्या भागात चुलतभाऊ अकबर भोपळे तासत बसायचा आणि मागच्या दोन खोल्यांत नझीरभाईंचं, तारा-पुर्जे कथलाने जोडायचं डागकाम चालायचं. लाकडाचा भुसा आणि डागाचा धूर या दोन वासांचं तिथं एक मिश्रण झालं होतं, जे दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मागच्या खोलीत भालबा कवठेकर गिटार वाजवत होता. हा त्या दुकानाचा तीस वर्षांचा रिवाज. नवं यंत्र तयार झालं की ते पहिल्यांदा भालबाने वाजवायचं. धूनही ठरलेली. ऑर्केस्ट्राचा पडदा उघडताना वाजवायला भालबाने ऐन पंचविशीत बांधलेली, चार ओळींची. ती प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रित व्हायची, तिच्यावर तारीख पडायची आणि कपाटात जायची. नझीरभाई वहीत शेरा लिहायचे. दोघांची ओळख शाळेपासूनची, त्यामुळे शेरे मोकळेपणाने लिहिलेले असत.

तिसरी ओळ संपता संपता नझीरभाईंचा पेन थांबला.

त्या जागी पूर्वी एक हरकत असायची. भालबा करंगळीने वरच्या सुराला नुसता स्पर्श करून खाली यायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी जिना उतरताना एक पायरी गाळली. बारा वर्षांपूर्वी तो स्कूटरवरून पडला, डाव्या करंगळीत सळई बसली आणि ते बोट काठीसारखं ताठ झालं. तेव्हापासून ती हरकत गेली. वहीत तसा शेराही आहे : ‘करंगळी नाही. ओळ उघडी वाटते.’

आज ती हरकत ऐकू आली होती.

“कसं वाटलं?” भालबाने विचारलं.

“चांगलं.”

“चांगलं? तीस वर्षांत पहिल्या झटक्यात चांगलं म्हणाला नाहीस कधी. त्या जुन्या यंत्राच्या, विटेच्या वेळी काय म्हणाला होतास? पत्र्याच्या डब्यात मांजर अडकलंय.”

“अडकलंच होतं.”

भालबा हसला. उजव्या हातातला, तार छेडायचा पिक त्याने स्टुलावर ठेवला, तेव्हा तो हात थरथरताना दिसला. दोन वर्षांपूर्वी त्या हातात कंपवात शिरला होता. थरथरत्या हाताने इतकं स्वच्छ वादन? नझीरभाईंनी नजर वहीकडे वळवली आणि काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कान तपासून आले. “वरच्या पट्टीत थोडी घट आहे, पण वयाच्या मानाने उत्तम,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे कान निर्दोष होते. एरवी अशी बातमी ऐकून माणूस पेढे वाटेल. नझीरभाई बसस्टॉपवर बराच वेळ नुसते उभे राहिले, कारण आता संशयाला दुसरं घर शोधणं आलं.

*

ते कुठलं घर असू शकेल, हे कळायला त्या यंत्राची थोडी ओळख हवी.

गिटारीची तार हलते तेव्हा तिच्यातून विजेची अगदी क्षीण लहर निघते. तिला कानात भरेल एवढी मोठी करणारी पेटी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या पेट्यांत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते लहर मोठी करताना तिची टोकं थोडी दाबायचे, आणि त्या बिघडवण्यातच सगळा गोडवा होता. ही करामत आकड्यांत करतो तो मॉडेलर. तारेची लहर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजायची, प्रत्येक आकडा गणिताच्या चाळणीतून काढायचा आणि बाहेर पडणारा सूर पंचवीस किलोच्या जुन्या पेटीतून आल्यासारखा वाटला पाहिजे.

अडचण वेळेची असते. हिशेब करायला वेळ लागतो. छेडल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग उलटला, की वाजवणाऱ्याला आपण दुसऱ्याच्याच हाताने वाजवतोय असं वाटायला लागतं. यंत्र लहान करावं तर त्याचा मेंदू लहान होतो, बॅटरी लहान होते, हिशेब मंदावतो. नझीरभाईंचं सारं आयुष्य या एका रस्सीखेचीत गेलं. त्यांचा पहिला मॉडेलर नऊशे ग्रॅमचा होता, त्याला सगळे वीट म्हणायचे. दुसरा एकशे चाळीस ग्रॅमचा, ती वडी. आणि आता तीळ. सहा ग्रॅम. गिटारीच्या सॉकेटात खोचला की बाहेरून फक्त एक काळा ठिपका दिसायचा.

हे जमलं ते केतकी उपाध्येमुळे. केतकी तिशीतली, सांगलीची, नझीरभाईंबरोबर सात वर्षं काम करणारी. गणित तिचं, डागकाम यांचं. तिने एक साधी गोष्ट हेरली. तार वाजण्याआधी पिक तारेला टेकतो, तार किंचित ओढली जाते, तिची बारीकशी खसखस होते. म्हणजे सुराच्या आधी सुराची चाहूल येते. तीळ ती चाहूल ऐकायचा, पुढचा सूर कोणता आणि कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि हिशेब आधीच करून ठेवायचा. खरा सूर आला की फक्त फरक तेवढा दुरुस्त करायचा. त्यासाठी त्याला वाजवणाऱ्याचा हात ओळखीचा व्हावा लागे. ओळख जितकी दाट, तितका हिशेब कमी. तीन आठवड्यांत तो एक हात शिकायचा.

अंदाज आणि खरा सूर जुळले नाहीत तर कोणाचं ऐकायचं? त्यासाठी तिळात एक आकडा होता. दोघं त्याला ‘भरवसा’ म्हणत. शून्य म्हणजे फक्त तारेचं ऐक, शंभर म्हणजे फक्त स्वतःच्या अंदाजाचं. नझीरभाईंनी तो वीसवर ठेवायला सांगितला होता.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत भालबा तपासणीला आला तेव्हाही नझीरभाईंनी ‘चांगलं’च म्हटलं, पण एक प्रश्न मनातून जाईना : आता तो वीसवर होता का?

“वीसवरूनच सुरू होतो, चाचा,” केतकी म्हणाली. पडद्यावरून तिने मान काही वर केली नाही.

“तुझ्या टेबलावरचा दाखव.”

तिने दाखवला. वीस. पण त्या तिळाने कुणाचाच हात शिकलेला नव्हता. ज्याने शिकला तो भालबाच्या घरी, त्याच्या गिटारीत होता.

“भालबाकाकांचं वादन बिघडलं का?”

“नाही. सुधारलं.”

“मग तर बरंच की,” ती म्हणाली. त्या ‘बरंच की’मध्ये नझीरभाईंना काहीतरी पोकळ लागलं. भोपळ्यावर टिचकी मारून तो आतून किडका आहे का ओळखणाऱ्यांच्या घरात ते वाढले होते.

*

यात आणखी एक गाठ होती. येत्या शनिवारी भालबाचा निरोपाचा कार्यक्रम होता. पंचेचाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच मध्यभागी खुर्ची टाकून एकटा वाजवणार होता. आणि अलीकडे नाट्यगृहांनी एक दाखला मागायला सुरुवात केली होती. मधल्या काळात यंत्रंच वाजवायची आणि कलावंत नुसते हात हलवायचे, असे प्रकार इतके झाले की लोक तिकीट काढून येईनात. म्हणून दारावर ‘हातवादनाचा दाखला’ लावायची पद्धत पडली : या कार्यक्रमातला प्रत्येक सूर वादकाने हाताने वाजवलेला आहे. खाली दोन सह्या. एक वादकाची, एक यंत्र बनवणाऱ्याची.

गुरुवारी दुपारपर्यंत नझीरभाईंना सही करायची होती. तीळ वाजवत असेल आणि त्यांनी सही केली, तर ते लबाड ठरणार होते. नाही केली, तर भालबाच्या एकुलत्या एका कार्यक्रमाच्या दाराला कुलूप लागणार होतं.

सोमवारी ते सांगलीला भालबाच्या घरी गेले. भालबा तालमीला गेला असेल अशी वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती, आणि त्याची त्यांना जिना चढताना लाज वाटली. दार कुंदावहिनींनी उघडलं.

“या नझीरभाऊ! ते बाहेर गेलेत. बसा, चहा टाकते.”

चहा आला तो कपबशीत. शेजारी मोरीजवळ स्टीलचा एक उंच पेला पालथा घातला होता.

“हा ह्यांचा,” वहिनी म्हणाल्या. “कप धरवत नाही. पेल्यात अर्धाच ओतायचा, मग सांडत नाही. शर्टाची बटणं मी लावते. तुमच्याजवळ म्हणून सांगते, त्यांना बोलू नका.”

“आणि गिटार?”

वहिनींचा चेहरा उजळला. “तेच तर नवल! काय दिलंत हो तुम्ही? दोन वर्षं नुसते भिंतीकडे बघत बसायचे. आता मला चिडवतात, जेवताना गाणं म्हणतात. काल म्हणे, कुंदे, तुझ्या आमटीचा सूर लागला नाही. बरं वाटलं मला, खरंच सांगते.” मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाल्या, “एकच आहे. हल्ली वाजवताना दार लावून घेतात. आतून कडी. पूर्वी कधी घेत नव्हते.”

नझीरभाईंनी चहा संपवला. निघताना वहिनी दारात म्हणाल्या, “ते यंत्र परत नका हं मागू.”

विजेच्या बसमधून मिरजेला येताना त्यांनी हिशेब मांडला. दार लावून घेतो, म्हणजे त्याला ठाऊक आहे. केतकी मान वर करत नाही, म्हणजे तिलाही ठाऊक आहे. दोघांनी मिळून ठरवलंय आणि सहीपुरतं मला अंधारात ठेवलंय. मग लगेच वाटलं, छे, आपण हे काय विचार करतोय? ज्या माणसाने आपल्या वडिलांच्या जनाज्याला खांदा दिला, त्याच्या घरी आपण चोरासारखं जाऊन आलो. पण संशय एकदा बसमध्ये चढला की तो काही मधल्या थांब्यावर उतरत नाही. घरापर्यंत तो त्यांच्या शेजारीच बसून आला.

*

बुधवारी भालबा शेवटच्या तपासणीला आला. गिटार मागच्या खोलीत टेकवून तो पुढे अकबरशी गप्पा मारायला गेला. “काय अकबरमियाँ, भोपळा तासतोस की हजामत करतोस त्याची?” अशी सुरुवात झाली म्हणजे दहा मिनिटं तरी नक्की.

नझीरभाईंनी अकबरच्या डब्यातून एक पांढरा सुती दोरा आधीच उचलून ठेवला होता.

तंबोरा करणाऱ्यांच्या घरात हा दोरा म्हणजे रोजची गोष्ट. तार घोडीवर जिथे टेकते तिथे तिच्याखाली दोरा सरकवायचा आणि केसभर पुढेमागे करायचा. एका जागी तंबोऱ्याचा आवाज फुलासारखा उमलतो. गिटारीवर मात्र याच्या उलट होतं. गिटारीची घोडी निमुळती, तिथे दोरा अडकवला की तार बसते. तोंडात सुपारी धरून कुणी बोलावं तशी वाजते. कितीही मोठा वादक असला तरी दोऱ्याखाली तार मोकळी वाजवू शकत नाही.

त्यांनी पहिल्या, म्हणजे सगळ्यांत बारीक तारेखाली दोरा सरकवला, कडा कातरल्या, आणि खुर्चीत येऊन बसले.  आजोबांनी ज्या दोऱ्याने तंबोऱ्यात सूर भरला, त्याने आपण मित्राला पकडायला निघालोय, हे त्यांच्या मनातून जाईना.

भालबा आला. गिटार मांडीवर घेतली. वाजवू लागला.

पहिली तार काचेसारखी वाजली. स्वच्छ, लांब, मोकळी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी करंगळीची हरकतही आली. नझीरभाईंनी बघितलं. करंगळी हवेत ताठ उभी होती.

“थांब,” ते म्हणाले.

“का रे? मांजर अडकलं?”

“पहिल्या तारेकडे बघ.”

भालबाने बघितलं नाही. त्याने नझीरभाईंकडेच बघितलं. “दोरा हाय तिथं. ठाऊक हाय मला.” मनातलं काही बाहेर पडायचं असलं की त्याची बोली बदलायची. “पंचेचाळीस वर्षं त्या तारेवर बोट ठेवतोय, नझ्या. बोटाला कळत नसेल व्हय?”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. तीन आठवडे थांबलोय! गेल्या गुरुवारी चौथी तार मी छेडलीच नव्हती. नुसता पिक टेकवला आणि उचलला. वाजली. तू म्हणालास, आज हात मोकळा पडलाय. वहीत लिहिलंस ते. त्याच्या आधी एक सूर मुद्दाम चुकलो, बरोबर वाजला. म्हटलं आता तरी हा विचारेल. तू आपला ‘चांगलं, चांगलं’. तेव्हा मग मला कळलं.”

“काय कळलं?”

“की हे तूच केलंस. दया आली म्हणून. मित्राचा हात गेला, तर त्याला खुळखुळा दिलास.”

“मी?” नझीरभाई उठलेच. “अरे, मला वाटलं तू आणि केतकीने...”

“मी कशाला? माझा तरुणपणीचा हात कोणाकडे हाय? माझ्याकडे नाही.” भालबाने थरथरतं बोट कपाटाकडे रोखलं. “त्या तिथं हाय. तारखा घालून ठेवलाईस तू.”

 बाहेर अकबरची पटाशी चालू होती. मग शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि केतकी आत आली. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

“दोघांपैकी कोणी नाही,” ती म्हणाली. “म्हणजे, केलं आपणच. पण असं ठरवून नाही.”

“नीट सांग,” नझीरभाई म्हणाले.

“मार्चमध्ये तीळ आठ ग्रॅमचा होता, आठवतंय? तुम्ही म्हणालात, आणखी दोन ग्रॅम काढ, पण बॅटरी सहा तास चाललीच पाहिजे. गणिताला तेवढी वीज पुरेना. म्हणून मी भरवशाचा आकडा सैल सोडला. बॅटरी कमी पडली आणि हात ओळखीचा असला, की त्याने तो स्वतःच वाढवायचा. अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर आहे, चाचा. तुमची सही आहे त्याच्यावर.”

नझीरभाईंना ते पान आठवलं नाही. सही मात्र आठवली.

“आणि हात लवकर ओळखीचा व्हावा म्हणून मी त्याला कपाट दिलं. तीस वर्षांचं. त्यात काकांचा हात अठ्ठावीस वर्षं न थरथरणारा आहे. करंगळीही अठरा वर्षं चालणारी आहे. तिळाने तोच खरा धरला. आता काका वाजवतात तेव्हा जो कंप येतो, तो त्याला खरखर वाटतो. आणि खरखर गाळायला तर आपणच शिकवलंय त्याला.”

“दुसऱ्या कुणाच्या हातात दिला असता तर?”

“अनोळखी हात. वीसवरच राहिला असता आकडा, काहीच कळलं नसतं. किंवा लगेच सगळं कळलं असतं. पण आपण दुसऱ्या कुणाला देतोच कुठे?”

खरं होतं. तीस वर्षं एकच हात, एकच धून, एकच वही. तो रिवाज नझीरभाईंच्या अभिमानाचा विषय होता.

“तुला केव्हा कळलं?”

केतकीने खाली बघितलं. “दोन आठवडे झाले. पण काका इतके खूश होते...” तिने पुढे होऊन गिटारीतला तीळ पडद्याला जोडला. आकडा आला. चौऱ्याण्णव.

भालबाने तो आकडा वाचला. “म्हणजे शंभरातला सहा मी हाय अजून,” तो म्हणाला. 

मग तो गिटार पिशवीत घालू लागला. चेन त्याला लावता येईना. केतकी पुढे झाली, तसा त्याने हात आडवा घातला आणि स्वतःच दोन मिनिटं लावून ती लावली. “खरं सांगू का? मी रागावलोय, पण मला तो हवा पण होता. घरी दार लावून मी तारांना नुसता पिक टेकवत बसायचो. जोर द्यायचो नाही, काही नाही. ऐकायचो. बारा वर्षांनी करंगळी वाजत होती, नझ्या. तू काय केलं असतंस?”

 “शनिवारचं काय करायचं?” नझीरभाईंनी विचारलं.

“बघू शनिवारी.”

“मला उद्या सही करायची आहे.”

“मग कर नाहीतर नको करू.” भालबा दारात वळला. “एक वीट दे जाता जाता. असू दे घरी.”

नझीरभाईंनी माळ्यावरची वीट पुसून दिली. एका खांद्याला गिटार, दुसऱ्या हातात नऊशे ग्रॅमची वीट घेऊन भालबा गेला. तीळ त्याने परत केला नाही. आणि नझीरभाईंनी तो मागितला नाही, वहिनींचा शब्द आठवून म्हणा किंवा धीर झाला नाही म्हणून म्हणा.

गुरुवारी दुपारी दाखल्याचा कागद समोर आला. ‘प्रत्येक सूर वादकाने हाताने वाजवलेला आहे.’ त्यांनी ते वाक्य चारदा वाचलं. दोऱ्याने मित्राची परीक्षा घेऊन झाली होती, आता दुसरं कुठलं साधन हाताशी नव्हतं. त्यांनी सही केली. ती विश्वासाने केली की कंटाळून, हे त्यांनाच सांगता आलं नसतं.

*

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. दारावर दाखला लावला होता. आत जाताना लोक थांबून तो वाचत, आणि प्रत्येक वेळी नझीरभाई दुसरीकडे बघायचे. पहिल्या रांगेत ते, केतकी आणि कुंदावहिनी बसले.

पडदा उघडला. मध्यभागी खुर्ची. खुर्चीशेजारी स्टुलावर वीट, आणि तिच्यापासून गिटारीपर्यंत जाड काळी वायर. बघायला सगळं चोख होतं. पण वायर कुठूनही कुठेही नेता येते, हे यंत्र करणाऱ्याला कुणी शिकवायला नको. तीळ गिटारीच्या पोटात, आतल्या जोडणीवरही बसवता आला असता. केतकीने एकदा तसा प्रयोग केला होता. भालबाने तो बघितला होता.

भालबाने नमस्कार केला आणि वाजवायला सुरुवात केली. तीच धून.

पहिल्या दोन सुरांतच लोकांत चुळबुळ झाली. खालच्या तारा ठीक होत्या, थोड्या कापऱ्या. पण बारीक तार वाजली की आवाज बसका, दबका यायचा. तोंडात सुपारी धरल्यासारखा. मागून कुणीतरी म्हणालं, “स्पीकर गेलाय वाटतं.”

नझीरभाई पुढे सरसावून बसले. स्पीकरला काही झालेलं नव्हतं. त्या तारेखाली दोरा होता. भालबाने तो काढला नव्हता. तीन दिवस त्याने तो तसाच ठेवला होता आणि आठशे लोकांसमोर, आपल्या एकुलत्या एका कार्यक्रमात, तो बसकी तार वाजवत होता. आठशेंपैकी एकालाच कळावं म्हणून.

 आणि लगेच, सवयच ती, मनात आलं : बुधवारी दोरा तिळानेही ऐकला होता. तो दोराही शिकला असेल तर?

ते केतकीच्या कानाशी वाकले. त्यांनी काही विचारायच्या आधीच ती कुजबुजली, “तीन आठवडे लागतात, चाचा. तीन दिवसांत नाही येणार त्याला.” आणि पुढे म्हणाली, “मीपण आत्ता तोच हिशेब केला.”

तिसरी ओळ आली. शेवटाकडे हात थरथरला, एक सूर निसटला, पुढचा भालबाने पकडला. हरकतीची जागा आली तसा तो थांबला. बारा वर्षं तो ती जागा झाकून पुढे जायचा. आज झाकली नाही. तेवढा वेळ नुसती शांतता ठेवली, ताठ करंगळी तशीच वर राहू दिली, आणि मग सावकाश खालच्या सुरावर आला. नाट्यगृहात चुळबुळ थांबली होती. नझीरभाईंनी खिशातली वही काढून अंदाजाने लिहिलं : ‘पहिली तार बसकी. हात कापरा. ओळ उघडी.’ आणि जरा वेळाने खाली, ‘चांगलं.’

कार्यक्रम संपल्यावर ते आत गेले. भालबा घामाने भिजून खुर्चीत बसला होता. शेजारी त्याचा पेला, अर्धा भरलेला. नझीरभाईंना बघताच त्याने गिटार उचलून पुढे धरली.

“घे. मागचं झाकण उघडून बघायचं असेल तर बघ.”

नझीरभाईंच्या खिशात पेचकस होता. तो नेहमीच असायचा. त्यांचा हात तिकडे गेला, हे भालबाने बघितलं. हात तसाच बाहेर आला, रिकामा.

“दोरा दे तेवढा,” ते म्हणाले. “अकबरचा आहे. मोजून ठेवतो तो.”

भालबाने नखाने तार उचलली. बोटं थरथरत होती, दोरा हाती यायला वेळ लागला. नझीरभाई मदतीला गेले नाहीत, थांबले. शेवटी तो इंचभर दोरा त्यांच्या तळहातावर पडला.

“आणि तीळ घरी हाय,” भालबा म्हणाला. “सगळं सांगितल्यावर कुंदानं लपवलाय. मिठाच्या बरणीमागं. मला सापडू नये म्हणून.”

“मग तुला कसं ठाऊक?”

“सापडला की.”

तो हसला. नझीरभाईही हसले. पुढच्या वर्षी बाजारात आला तो तीळ अकरा ग्रॅमचा होता, भरवसा वीसवर खिळवलेला, आणि नऊ वेगवेगळ्या हातांनी तपासलेला. मिठाच्या बरणीमागचा तो सहा ग्रॅमचा मात्र नझीरभाईंनी कधी परत मागितला नाही. सांगलीला गेले की कुंदावहिनी चहा करतात, भालबा पेल्यातून पितो आणि आतल्या खोलीचं दार उघडं असतं. नझीरभाई बसतात, बोलतात, आणि निघताना प्रत्येक वेळी त्या दाराची कडी बघून घेतात.